गावची गाडी, डोंगराची वाट

आल्प्समधल्या सर्वांत कडक नियमांच्या राष्ट्रीय उद्यानातून एक हमरस्ता जातो, आणि त्या रस्त्यावरून दिवसभर साधारण तासातासाला एक पिवळी बस धावते. स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला ग्राउब्युंडेन प्रांत आहे. तिथल्या त्सेरनेत्स गावातून निघायचं, २१४९ मीटर उंचीची ओफन खिंड ओलांडायची आणि पलीकडे म्युश्टाइरच्या खोऱ्यात उतरायचं, असा हा रस्ता. उद्यानात फूल तोडायचं नाही. कुत्रा न्यायचा नाही, साखळीला बांधूनसुद्धा नाही. तंबू नाही, चूल नाही, सायकल नाही. पायवाट सोडून बाजूच्या गवतात पाऊल टाकायचं नाही. बसायचं झालं तर पिवळ्या खुंट्यांनी आखून दिलेल्या जागेतच बसायचं. एवढ्या सोवळ्यात बस मात्र चालते.

आपल्याकडून स्वित्झर्लंडला जाणारे बहुतेक लोक सहल कंपनीच्या बसमधून फिरतात. टिटलिसचा बर्फ आणि युंगफ्राउयोखचं ३४५४ मीटरवरचं स्टेशन बघून परततात. घाटात कधीतरी तीन सुरांचा भोंगा ऐकू येतो, सहलीच्या बसचा ड्रायव्हर गाडी कडेला घेतो आणि पिवळी बस पुढे निघून जाते. आतल्या प्रवाशांना ते सौजन्य वाटतं. प्रत्यक्षात तो कायदा असतो. निळ्या पाटीवर पिवळं शिंग रंगवलेलं दिसलं की तो रस्ता ‘डोंगरी पोस्टमार्ग’ समजायचा. तिथे अवघड वळणावर आधी पोस्टाची बस जाणार, आणि तिचा ड्रायव्हर सांगेल तसं बाकीच्यांनी मागेपुढे व्हायचं.

या पिवळ्या बसने उद्यानांत, राखीव खोऱ्यांत जायचं आणि पायी हिंडायचं, हा तिथल्या भटक्यांचा शिरस्ता आहे. पण ती बस मुळात भटक्यांसाठी सुरू झालेली नाही. तिचं सगळं मर्म तिथेच आहे.

पोस्टाचं शिंग

बसच्या अंगावर शिंग आहे, कारण ती पोस्टाची आहे. घोड्यांच्या गाड्या डोंगरांतल्या गावांना टपाल पोचवत आणि जागा असेल तर माणसंही नेत. त्या जागी मोटार आली ती १ जून १९०६ रोजी, बर्न ते डेट्लिगेन या मार्गावर. (आपल्या एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली, तीही १ जूनलाच, १९४८ साली.) पुढे १९१९मध्ये सिम्प्लॉन खिंडीवरून पोस्टाची मोटार जाऊ लागली. घोडा काही लगेच निवृत्त झाला नाही. आव्हेर्स या उंच खोऱ्यातली घोड्यांची शेवटची टपालगाडी थांबायला १९६१ साल उजाडलं. भोंग्याचे तीन सूर १९२०च्या दशकात आले आणि ते रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेराच्या प्रारंभसंगीतातून उचललेले आहेत. आंधळ्या वळणाआधी ते आजही वाजतात.

टपालासाठी निघालेली गाडी गावच्या गरजेला बांधलेली असते. शाळेची वेळ, दवाखान्याची वेळ, खाली स्टेशनात येणाऱ्या रेल्वेची वेळ, यांवर तिचं वेळापत्रक ठरतं. १९८२ साली स्विस रेल्वेने ठरावीक मिनिटाला, दर तासाला गाडी, अशी पद्धत देशभर लावली. डोंगरातल्या बसनेही तीच घडी धरली. त्सेरनेत्सच्या स्टेशनात लाल रेटियन रेल्वे थांबते आणि पिवळी बस समोरच्या आवारात उभी असते. धावत सुटावं लागत नाही, तासभर ताटकळावंही लागत नाही.

या व्यवस्थेच्या मुळाशी एक साधा नियम आहे. ज्या वस्तीत वर्षभर किमान १०० माणसं राहतात, त्या वस्तीपर्यंत सार्वजनिक वाहन नेण्याचा तोटा केंद्र आणि प्रांत मिळून सोसतात. गाडीत किती पर्यटक बसतात हा प्रश्न तिथे येतच नाही. उलट केवळ सहलीला जाणाऱ्यांसाठी चालवलेल्या मार्गाला केंद्राचा पैसा मिळत नाही. म्हणजे भटका ज्या बसने डोंगरात जातो, ती गावकऱ्याची बस असते. तो तिच्यात पाहुणा असतो.

ओफन खिंडीच्या बसमध्ये हे लगेच कळतं. त्सेरनेत्सहून चढताना सॅक, काठ्या आणि जाड बुटांची गर्दी असते. उद्यानाच्या हद्दीतले वाहनतळ एक ते दहा असे क्रमांकाने ओळखले जातात, आणि त्यांच्यापाशी बसचे थांबे आहेत. तिथे एकेक टोळी उतरत जाते. खिंड ओलांडून बस पलीकडे उतरू लागते तेव्हा तिची तऱ्हा पालटते. च्येर्फ, फुल्देरा, सांता मारिया या गावांत पिशव्या घेतलेल्या बायका आणि दप्तरं लावलेली पोरं चढतात, ड्रायव्हरशी रोमान्श भाषेत दोन शब्द बोलतात आणि पुढच्या गावात उतरतात. म्युश्टाइरमध्ये नवव्या शतकातल्या भित्तिचित्रांचा मठ आहे. १९८३पासून तो जागतिक वारसा आहे, आणि त्याच्याही दारावरून हीच बस जाते. शेवटचा थांबा तर दुसऱ्या देशात, इटलीतल्या माल्स गावी. तिथून मेरानकडे रेल्वे मिळते. ती रेल्वे १९९०मध्ये बंद पडली होती. दक्षिण टिरोल प्रांताने ती ताब्यात घेऊन २००५मध्ये पुन्हा सुरू केली.

गाडीपाशी परतायचं नाही

मोटार घेऊन डोंगरात गेलेल्या माणसाला एक अदृश्य दोरी बांधलेली असते. कितीही चाला, संध्याकाळी गाडी उभी केली तिथेच परत यायचं. त्यामुळे वाट एक तर गोल फिरून येणारी हवी, नाहीतर आलो तसंच मागे फिरायचं. बसने गेलेला माणूस एका खोऱ्यात शिरतो, खिंड ओलांडतो आणि दुसऱ्या खोऱ्यात बाहेर पडतो. डोंगर आरपार ओलांडता येतो, आणि डोंगर समजतो तो असाच.

स्विस राष्ट्रीय उद्यानातली क्लुओत्साची वाट याचा उत्तम दाखला आहे. सुरुवात त्सेरनेत्स स्टेशनातूनच, पायी. गाव सुमारे १४७० मीटरवर आहे. नदी ओलांडली की लार्च आणि पाइनच्या रानातून खडी चढण लागते. ती चढून वाट एका खांद्याला वळसा घालते आणि क्लुओत्सा खोऱ्यात उतरते. साधारण तीन तासांनी १८८२ मीटरवर एक लाकडी मुक्कामघर येतं. १९१० साली बांधलेलं हे घर उद्यानाच्या हद्दीत रात्र काढायच्या मोजक्या जागांपैकी एक, आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. रस्ता इथवर येत नाही.

दुसऱ्या दिवशी मुर्तेरची चढण. साडेसहाशे मीटर उंची गाठून २५४५ मीटरच्या खिंडीत पोचायचं. झाडांची हद्द मागे पडते. गवताच्या उतारांवर मार्मोट शिटी मारून एकमेकांना सावध करतात. पहाटे निघालात तर शॅम्वा चरताना दिसतात, आणि ते पळून जात नाहीत. वाट न सोडण्याच्या नियमाचं हे फळ. माणूस रोज त्याच रेषेवरून जातो, बाजूला येत नाही, हे जनावरांना पिढ्यान्‌पिढ्या कळलेलं आहे. नियम आधी जाचक वाटतो. त्याचं देणं मुर्तेरवर हातात पडतं.

खिंडीपलीकडे आठ-नऊशे मीटरचा लांबलचक उतार. गुडघे बोलू लागतात. तळाशी श्प्योल नदी, तिच्यावरचा पूल, आणि मग पुन्हा शंभरेक मीटर चढ. दमलेल्या पायांना तो नकोसा होतो. वर आलं की वालुन चाफुओल, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा वाहनतळ, आणि बसचा थांबा.

एवढी उमेद नसेल त्यांच्यासाठी मारगुनेटची वाट आहे. इल फुओर्नच्या जवळ उतरायचं, श्ताबेल्चोडच्या कुरणावरून २३२८ मीटरच्या खांद्यावर चढायचं आणि शेजारच्या ओढ्याच्या खोऱ्यातून पुन्हा रस्त्याला लागायचं. सकाळच्या एका बसने उतरून दुपारच्या बसने परतता येतं. आकाशाकडे लक्ष ठेवायचं. श्ताबेल्चोडच्या कड्यात १९९१ ते २००७ या काळात दाढीवाल्या गिधाडाची २६ पिल्लं सोडली गेली. कोकरं उचलून नेतो असा खोटा आळ घेऊन हा पक्षी आल्प्समधून नाहीसा केला गेला होता. मुख्यतः हाडं खाऊन जगणारा, पंख पसरले की पावणेतीन मीटरचा हा पक्षी आता तिथे पुन्हा घरटी करतो.

अस्पर्श म्हणावं तर

उद्यानाची स्थापना १ ऑगस्ट १९१४ची. आल्प्समधलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे १७० चौरस किलोमीटर. पॉल साराझिन आणि कार्ल श्र्योटर यांच्यासारख्या निसर्ग-अभ्यासकांनी ते उभं केलं, आणि पैसा उभा करण्यासाठी १९०९मध्ये संघटना काढली. तिची वर्गणी होती वर्षाला एक फ्रँक. त्या एकेका फ्रँकमधून त्सेरनेत्सच्या गावसभेला क्लुओत्सा खोऱ्याचं भाडं दिलं गेलं. आजही उद्यानात शिरायला तिकीट नाही.

मात्र त्यांनी राखलेली जमीन अस्पर्श होती असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. ओफन परिसरात शतकानुशतकं लोखंडाच्या भट्ट्या चालल्या आणि त्यांच्या कोळशासाठी डोंगर बोडके झाले. ओंडके नदीतून वाहून टिरोलमधल्या हाल गावच्या मिठाच्या कारखान्यांपर्यंत नेले जात. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारी डोंगरी पाइनची घनदाट झाडी त्या तोडीनंतर उगवलेली आहे. स्वित्झर्लंडमधलं शेवटचं अस्वल १९०४मध्ये याच भागात मारलं गेलं. आयबेक्स तर त्याच्या कितीतरी आधी संपला होता. तो १९२० साली बाहेरून आणून सोडावा लागला. हरणं आपली आपण परतली. अस्वलाचं पाऊल उद्यानाच्या आसपास पुन्हा उमटलं ते २००५मध्ये.

संस्थापकांनी ठरवलं ते एवढंच, की इथून पुढे हात लावायचा नाही. पडलेलं झाड पडू द्यायचं, दरड कोसळली तर कोसळू द्यायची, आणि काय होतं ते नोंदवत राहायचं. ब्राउन-ब्लांके या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१७पासून गवताचे ठरावीक तुकडे आखून मोजणी सुरू केली आणि ती पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवली. गुरं गेल्यावर जुनी कुरणं रानात बुडतील असा अंदाज होता. हरणांनी चरून ती मोकळी ठेवली आणि तिथे वनस्पतींच्या जाती वाढल्या.

हात न लावण्याच्या व्रतातही खंड पडलाच. श्प्योल नदीवर, इटलीच्या सीमेवर, १३० मीटर उंचीचं धरण आहे. त्यासाठीच्या करारावर १९५८ साली देशभर मतदान झालं आणि लोकांनी धरणाच्या बाजूने कौल दिला. नदीचं पाणी तुटलं. २०००पासून धरणातून मुद्दाम कृत्रिम पूर सोडून पात्र धुतलं जाऊ लागलं आणि नदी थोडी सावरली. मग २०१६मध्ये धरणाच्या दुरुस्तीत पीसीबी हे विषारी रसायन तिच्यात गेलं, आणि सफाई कोणी, किती करायची यावर वर्षानुवर्षं वाद चालला. मुर्तेर उतरून आपण ज्या पुलावरून जातो, त्याखालचं पाणी दिसतं तेवढं निष्पाप नाही.

पाटीवर तास लिहिलेले असतात

बस थांब्यावर सोडते. पुढे पिवळी पाटी लागते. तिच्यावर किलोमीटर नसतात, तास आणि मिनिटं असतात. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर या चालीने, चढ-उतार जमेस धरून, विश्रांती वगळून काढलेला तो वेळ असतो. नुसती पिवळी खूण असली की वाट सोपी. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, पाय खंबीर हवा. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे हिमनदी, खडक, दोर यांची सवय असलेल्यांनीच जावं. या खुणांच्या वाटा देशभर सुमारे ६५,००० किलोमीटर आहेत.

हे जाळं एका शाळामास्तरांच्या चिडण्यातून सुरू झालं. योहान याकोब एस हे मायलेन गावचे शिक्षक. क्लाउसेन खिंडीच्या रस्त्यावरून मुलांना नेताना मोटारींच्या धुळीने आणि धोक्याने ते वैतागले. पायी चालणाऱ्याला स्वतःची वाट हवी या आग्रहातून १९३४मध्ये पायवाटांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे १९७९मध्ये जनमत घेऊन पायवाटांचं कलम थेट राज्यघटनेत घातलं गेलं. त्यावरच्या कायद्यात असंही आहे, की पायवाट तुटली, तिच्यावर वाहनं वाढली किंवा चालायला नकोसं डांबर पडलं, तर बदली वाट द्यावी लागते.

मराठी भटक्याला या पाट्या बसच्या हिशोबाने वाचायला लगेच जमतं, कारण शेवटची गाडी चुकली तर काय होतं हे त्याला शिकवावं लागत नाही. हिशोब उलटा करायचा. परतीच्या दोन गाड्या बघायच्या, शेवटची मनातून वगळायची, तिच्या आधीचीच आपली असं धरून निघायचं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांचं वादळ येऊ शकतं, तेव्हा उंच खिंड दुपारच्या आत मागे टाकलेली बरी. जूनमध्ये मुर्तेरसारख्या ठिकाणी बर्फ असू शकतो. हिवाळ्यात उद्यान बंदच असतं. झुरिकहून लांडक्वार्टमार्गे, १९९९मध्ये खुल्या झालेल्या एकोणीस किलोमीटरच्या व्हेराइना बोगद्यातून, त्सेरनेत्सला अडीच-तीन तासांत पोचता येतं. स्विस ट्रॅव्हल पासवर रेल्वे आणि पिवळी बस दोन्ही चालतात.

वस्ती शंभराची

राष्ट्रीय उद्यान एकच आहे. २००७नंतर नव्या कायद्याने प्रादेशिक निसर्ग-उद्यानं उभी राहिली, आणि तिथे माणसं, गुरं, शेती सगळं उद्यानाचाच भाग. त्यातलं बिन खोरं हे माझ्या मते शंभर माणसांच्या नियमाचा अर्थ सर्वांत स्पष्ट सांगतं. वालिस प्रांतात फीश स्टेशनातून बस दरीच्या कडेने वर चढते. बिनची वस्ती जेमतेम सव्वाशे-दीडशेची. १९६०च्या दशकात बोगदा होईपर्यंत हिवाळ्यात हिमलोटांच्या भीतीने हे गाव जगापासून तुटायचं. खनिजांच्या अभ्यासकांना ते लेंगेनबाख खाणीमुळे ठाऊक आहे, कारण तिथे अशी खनिजं मिळतात जी दुसरीकडे कुठेच सापडलेली नाहीत. भटक्यांना ते आल्ब्रुन खिंडीसाठी ठाऊक आहे. तिच्यावरून पायी इटलीच्या देवेरो खोऱ्यात उतरता येतं, तेही निसर्ग-उद्यानच.

गावापुढच्या, बारमाही वस्ती नसलेल्या वाड्यांपर्यंत मात्र सरकारी नियम पोचत नाही. ही फट बुजवायला २००५पासून ‘बस अल्पिन’ हा उपक्रम चालतो. गिर्यारोहक, पर्यावरणवादी संघटना, डोंगरी गावं आणि पोस्ट यांनी मिळून छोट्या हंगामी गाड्या सुरू केल्या. आल्प्सच्या दुसऱ्या भागांतही अशी सोय आहे. बव्हेरियातल्या लेंगग्रीसहून कारवेंडेल निसर्ग-उद्यानातल्या एंगच्या मेपल-पठारापर्यंत गिर्यारोहकांची बस जाते. दक्षिण टिरोलमध्ये प्राग्स तलावाच्या खोऱ्यात तर ऐन उन्हाळ्यात खाजगी गाड्यांवर निर्बंध घालून लोकांना बसने यायला लावलं गेलं.

सगळं गोड आहे असं नाही. २०१८मध्ये उघड झालं, की पोस्टाच्या बसविभागाने हिशोबात फेरफार करून वर्षानुवर्षं जादा अनुदान उचललं होतं. पोस्टाच्या प्रमुख सुझान रुओफ यांनी राजीनामा दिला, आणि सुमारे २०५ दशलक्ष फ्रँक परत करावे लागले. दुसरं राष्ट्रीय उद्यान काढायचे दोन्ही मोठे प्रयत्न मतपेटीत हरले, आडुला २०१६मध्ये आणि लोकार्नो २०१८मध्ये. बाहेरचे नियम आपल्या रानावर नकोत असं तिथल्या गावांना वाटलं. ज्या गावसभेने क्लुओत्सा भाड्याने दिलं, तशाच गावसभांनी इथे नकार दिला. गावाला विचारूनच डोंगर राखायचा म्हटलं की कधी नकारही ऐकावा लागतो.

लाल डब्याचं देणं

हे वाचून कुणी म्हणेल, श्रीमंत देश, त्यांना परवडतं. पण सह्याद्रीतलं भटकणं वाढलं तेही असंच, गावच्या गाडीवर. कल्याण-मुरबाडच्या एसटीने वैशाखऱ्याच्या बाजूला उतरायचं, नाणेघाट चढायचा, सातवाहनांच्या लेण्यात टेकायचं आणि वर घाटघरहून जुन्नरची गाडी पकडायची. खुबी फाट्यावर उतरून खिरेश्वर, टोलारखिंड, हरिश्चंद्रगड आणि पलीकडे पाचनईला उतरून राजूरची गाडी. डोंगराच्या आरपार जाणाऱ्या या वाटा लाल डब्यामुळे शनिवार-रविवारात बसवता आल्या. मुक्कामी गाडी गावात रात्री पोचायची ती बाजारहाट करून परतणाऱ्यांसाठी, आणि पहाटे निघायची ती शाळकरी पोरांसाठी. भटके मागच्या बाकावर असायचे.

आता चित्र बदललं आहे. भाड्याची मिनीबस पायथ्याशी उभी राहते, गट चढतो, त्याच वाटेने उतरतो आणि त्याच बसने परत जातो. घाटवाट अर्धीच चालली जाते. गडाच्या पायथ्याला गाड्यांची रांग लागते, कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात माणसांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागते. तरी भीमाशंकरसारख्या अभयारण्यात आजही एसटी थेट जाते. २०२१-२२च्या संपात महिनोन्‌महिने गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा आधी आणि जास्त हाल गावकऱ्यांचे झाले, भटक्यांच्या सहली तर जीपने चालूच राहिल्या. ज्यांची गाडी होती त्यांना पर्याय नव्हता, आणि ज्यांना पर्याय होता त्यांना तिची आठवण राहिली नाही.

भटक्यांच्या संस्था गडांवर दिशादर्शक लावतात, टाकी साफ करतात, कचरा खाली आणतात. त्या यादीत एक ओळ वाढवायला हवी: पायथ्याच्या गावची बंद झालेली फेरी. आगारात अर्ज द्यायचा तो ट्रेकर म्हणून देऊ नये, गावकऱ्यांसोबत द्यावा, शाळेच्या आणि बाजाराच्या वेळेसाठी द्यावा, आणि गाडी सुरू झाली की तिकीट काढून तिच्यातूनच जावं. स्विस कायदा शंभर माणसांची वस्ती मोजतो, आल्प्सला येणारे लाखो पर्यटक मोजत नाही. आपल्याकडे राजूर आणि जुन्नर भागातल्या आगारांना मागावं ते एवढंच, शंभर माणसांच्या वस्तीची गाडी. तिच्यात दहा सॅका मावतात.